व्हझर पाहायचा केव्हा आणि कोंडीत उतरायचे केव्हा? गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या घळींविषयी

ओहोळवाट

चतुर्थी आटोपली की दरवर्षी मला फोन येऊ लागतात. या रविवारी कोणत्या व्हझरावर जावे, मुलांना पोहता येईल अशी जागा कोणती, वाट सांगाल का, असे सगळे विचारतात. गेली बावीस वर्षे मी सत्तरीच्या आणि सांगे तालुक्याच्या डोंगरांत पायी फिरतो आहे, तेव्हा लोकांनी विचारणे स्वाभाविक आहे आणि मलाही सांगायला आवडते. पण वाट फोनवर दोन मिनिटांत सांगून होते. पाणी तसे सांगून होत नाही. म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे. ज्यांना त्या त्या गावची माहिती आहे त्यांनी भर घालावी, माझे चुकत असेल तर दुरुस्त करावे.

बाहेरून आलेल्या वाचकांसाठी आधी दोन शब्द सांगतो. धबधब्याला आपल्याकडे व्हझर म्हणतात, आणि व्हझराखाली किंवा घळीच्या वळणावर पाण्याने कोरून काढलेल्या खोल डोहाला कोंड. माझे म्हणणे एवढेच आहे की व्हझर पाहण्याचा हंगाम निराळा आणि कोंडीत उतरण्याचा हंगाम निराळा, आणि हे दोन्ही एकाच सहलीत उरकायला जाण्याने आपल्या राज्यात माणसे बुडतात. जून ते सप्टेंबर हा व्हझर पाहण्याचा काळ आहे, तोही अंतर राखून. दसऱ्यानंतर परतीचा पाऊस थांबला आणि सलग आठ-दहा दिवस कोरडे गेले की कोंडीचे पाणी निवळते, तळाचा दगड दिसू लागतो. तेथपासून साधारण जानेवारीपर्यंत पोहण्याचा काळ. पुढे बहुतेक ओहोळांची धार तुटते आणि कोंडीत उरलेले पाणी रानातल्या जनावरांचे असते. तेव्हा त्यात आपण उतरू नये, असे मी मानतो.

पावसाळ्यात उतरू नये यामागचे कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण 'आम्हाला पोहता येते' हे उत्तर मी फार वेळा ऐकले आहे. घळीत उभे राहिले की आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते. ती निळी असली तरी वर चोर्ल्याच्या किंवा सुर्ल्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, काय चालले आहे ते खाली कळत नाही. एका चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे ५ कोटी लिटर पाणी होते. सड्यावर मातीचा थर पातळ, खाली उतार उभा आणि जुलै-ऑगस्टात जमीन आधीच भिजून तुडुंब झालेली असते, म्हणून त्यातले जिरते थोडे. बाकीचे सगळे त्याच अरुंद घळीच्या तोंडातून खाली येते, आणि ते पाऊस पडतो त्या वेळी येत नाही, काही वेळाने येते, जेव्हा वरचे ढग ओसरून खाली लख्ख ऊनही पडलेले असू शकते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सातजण सत्तरीतल्या एका व्हझराकडे निघालो होतो. वाटेतला ओहोळ ओलांडला तेव्हा पाणी घोट्याच्या वर चार बोटे होते. सोबत गावातले एक आजोबा होते. त्यांनी ओहोळाच्या मध्यावरचा एक काळा खडक दाखवला, ज्याच्या अंगावर पांढऱ्या गारगोटीची आडवी रेघ होती, आणि बजावले की परतताना ही रेघ दिसली तर ओलांडायचे, नाही दिसली तर बसायचे. दीडच्या सुमारास आम्ही शिदोरी सोडली तेव्हा डोक्यावर ऊन होते. आजोबांनी घास हातातच ठेवून मान वर केली. मला काहीच ऐकू आले नव्हते. मग पाण्यावरून पाने येऊ लागली. ती वाळलेली नव्हती, देठासकट तुटलेली हिरवीगार पाने होती. पाठोपाठ पाण्याचा रंग पालटला, आधी राखेसारखा आणि मग तांबूस. आम्ही भराभर आवरून ओहोळाशी पोहोचलो तेव्हा रेघ बुडाली होती आणि तो खडक कोठे आहे ते नुसत्या फेसावरून ओळखावे लागत होते. आमच्यातला एक धडधाकट गडी दोर बांधून जाण्याची भाषा करू लागला, तेव्हा आजोबांनी त्याला शांतपणे सांगितले की बसलास तर उशिरा का होईना, घरी पोहोचशील. आम्ही चार तास बसलो. दिवेलागणीला ती रेघ पुन्हा वर आली.

त्या दिवसापासून मी पावसाळ्यात ओहोळ ओलांडावा लागेल अशा जागी जातच नाही. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाणीही जोरात असेल तर उभ्या माणसाला आडवे करते, आणि शेवाळलेल्या दगडावर पाय एकदा सुटला की पोहण्याची कला कामाला येत नाही.

आता जागांविषयी. पावसाळ्यात निव्वळ पाहण्यासाठी साखळीजवळचा हरवळेचा व्हझर उत्तम आहे. रुद्रेश्वराच्या देवळापाशी उभे राहून तो पाहता येतो आणि वृद्ध माणसांनाही नेता येते. मात्र खालच्या डोहात कोणीही, कोणत्याही महिन्यात उतरू नये. तेथे अनेकांचे जीव गेले आहेत. काणकोणातला बामणबुडो रस्त्यालगतच आहे. चोर्ला घाटातून पलीकडच्या दरीत कोसळणारा वज्रा दिसतो, तो घाटातूनच पाहावा. दूधसागर हा ३१० मीटर उंचीचा, आपल्या सगळ्यांचा अभिमान असलेला धबधबा पावसाळ्यात रेल्वेच्या खिडकीतून पाहण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कशात नाही. पायी जाण्यासारख्या जागा म्हणजे नेत्रावळी अभयारण्यातले सावरी आणि मैनापी, खोतीगाव अभयारण्यातला कुस्के, तांबडी सुर्लाच्या कदंबकालीन महादेव मंदिरामागच्या रानातला व्हझर, आणि म्हादई अभयारण्याच्या परिसरातले हिवरे, चरावणे, पाली. यांतल्या बहुतेक जागा अभयारण्यांच्या हद्दीत येतात, त्यामुळे वन खात्याच्या नाक्यावर नोंद करून आणि त्या आठवड्यात काय मोकळे आहे ते विचारूनच पुढे जावे. जिल्हाधिकाऱ्यांचे पावसाळी मनाईचे आदेश निघतात तेही पाहावेत.

पणजीची आई

फार उपयुक्त लिहिले आहे, मनापासून आभार. माझा मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची आहे. दोघेही तरण तलावात शिकले आहेत आणि बऱ्यापैकी पोहतात. त्यांना एकदा तरी नैसर्गिक पाण्यात पोहण्याचा अनुभव द्यावा असे आम्हा दोघांना वाटते. मी स्वतः लहानपणी आजोळी, डिचोलीजवळच्या एका गावात, ओहोळात डुंबत मोठी झाले. माझ्या मुलांना पाणी म्हणजे निळ्या फरशीचा चौकोन एवढेच ठाऊक असावे याचे वाईट वाटते. आम्ही नोव्हेंबरात जाऊ शकतो. कोणती जागा निवडावी, पायात काय घालावे, आणि तलावात पोहता येणाऱ्या मुलाला कोंडीत नेमके काय वेगळे जाते, हे सांगाल का?

ओहोळवाट

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. तलावात उथळ कडेपासून खोलीकडे तळ हळूहळू उतरत जातो. कोंडीत तसे नसते. घळीच्या खडकात पाण्याच्या भोवऱ्याबरोबर दगडगोटे वर्षानुवर्षे गरगरत राहतात आणि रांजणासारखे खळगे कोरतात. त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की दोन पुरुष खोली लागू शकते. काठचा खडक आतून पोखरलेला असतो, त्याखाली शिरलेल्या मुलाला वर यायला वाट सापडत नाही. शिवाय स्वच्छ पाणी खोलीच्या बाबतीत डोळ्याला फसवते, वरून पाहणाऱ्याला ते खऱ्या खोलीच्या पाऊणपटच दिसते. आणखी एक गोष्ट म्हणजे थंडावा. नोव्हेंबरात वरचा हातभर थर उन्हाने कोमट असतो आणि त्याखाली पाय गेला की एकदम गारठा लागतो. त्या धक्क्याने मूल दचकून श्वास ओढते, आणि नेमके तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर घोटाळा होतो. म्हणून मुलांना प्रथम काठावर बसवून पाय सोडायला सांगावे, तोंडावर पाणी मारावे, मग धरून उतरवावे.

लाइफ जॅकेट दोघांनाही घालावे. उत्तम पोहणाऱ्यालाही घालावे, यात कमीपणा नाही. पायात रबरी तळाचे, मागे पट्टा असलेले बूट किंवा सँडल हवेत. हवाई चपला नकोत, आणि शेवाळावर अनवाणी चालणेही नको. उडी मारू देऊ नका. मी हे अनेकांना सांगतो आणि अनेकजण रुसतात, पण पावसाळ्यात वाहून आलेला ओंडका कोंडीच्या तळाशी उभा अडकलेला मी स्वतः पाहिला आहे. तो ज्या कोंडीत होता तेथे गेल्या वर्षी नव्हता.

जागेचे म्हणाल तर जाहीरपणे एका कोंडीचे नाव लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही, कारण त्याचे परिणाम गावाला भोगावे लागतात. तुम्ही नेत्रावळी किंवा खोतीगावच्या नाक्यावर चौकशी करा आणि गावातला एखादा माहितगार माणूस योग्य मोबदला देऊन सोबत घ्या.

रानमाटोळी

मी सत्तरीतल्या अशाच एका गावात राहतो. ओहोळवाट यांनी नाव लिहिले नाही याबद्दल त्यांचा आभारी आहे. दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत, रागावून नव्हे, पण मनापासून.

तुम्ही ज्याला कोंड म्हणून पोहायला येता ती आमच्यासाठी पोहण्याची जागा एवढीच नाही. आमच्या गावच्या कोंडीत देवाचे स्थान आहे. काही ठराविक भागात आम्ही मासे धरत नाही, तसा गावचा नेम आहे आणि तो माझ्या आजोबांच्या आजोबांपासून पाळला जातो. कोंडीच्या खालच्या अंगाला पंप आहे, त्यातून कुळागरांना, म्हणजे आमच्या माडा-पोफळीच्या बागांना, पाणी जाते, आणि उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की पिण्यासाठीही तेच पाणी. तीन वर्षांपूर्वी माझी आई चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या आराशीचे, सामान आणायला त्या वाटेने गेली आणि फुटलेल्या बिअरच्या बाटलीवर तिचा पाय पडला. टाचेला सात टाके पडले, आणि त्या वर्षी आमची माटोळी शेजाऱ्यांनी बांधली. बाटली पाण्यात फुटलेली होती. पाण्यातली काच दिसत नाही.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. कोणी बुडाले की तुम्ही दूरध्वनी करता, आणि अग्निशामक दलाचे जवान येतातही, पण वाळपईहून गाडी निघून, पुढे पायवाट तुडवून त्यांना पोहोचायला वेळ हा लागणारच. तोवर पाण्यात उतरतात ती आमच्या गावची मुले. मी दोनदा उतरलो आहे. दुसऱ्या खेपेला जो मुलगा आम्ही वर काढला त्याच्या मनगटावर चालू घड्याळ होते. त्याच्यासोबतचे मित्र काठावर उभे होते आणि त्यांतल्या एकालाही तो नेमका कोठे बुडाला ते सांगता येत नव्हते. मला त्यांचा राग आला नाही. पण तेव्हापासून जुलै-ऑगस्टच्या रविवारी सकाळी रस्त्यावर अनोळखी गाड्या दिसल्या की माझ्या पोटात गोळा येतो.

आमच्याकडे या, नाही म्हणत नाही. फक्त गाडीतून उतरल्यावर पहिल्या घरी थांबा आणि विचारा. एवढेच पुरे आहे. कोणीतरी पाणी देईल, आज जाऊ नका म्हणाले तर त्याला कारण असेल.

फोंड्याचा डॉक्टर

रानमाटोळी यांचे लिखाण वाचून थोडा वेळ काही लिहावेसे वाटले नाही. मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि हौशी पोहणारा आहे, त्यामुळे या दोन्ही बाजूंनी काही मांडतो.

व्हझराच्या थेट खाली पोहणे हे समुद्रात पोहण्यापेक्षाही धोक्याचे का, हे अनेकांना ठाऊक नसते. वरून कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा खाली नेते आणि तेथे पाणी पांढरे, फेसाळ दिसते. हवेचे बुडबुडे मिसळलेले पाणी हलके असते आणि हलके पाणी माणसाला तोलून धरत नाही, त्यामुळे एरवी सहज तरंगणारा माणूसही त्यात खाली जातो. शिवाय पडणारी धार तळाशी जाऊन पुढे सरकते आणि वरचे पाणी उलट धारेकडे ओढले जाते. त्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा धारेखाली खेचला जातो. म्हणून पांढऱ्या पाण्यापासून लांब राहावे.

कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी घेऊ नका. एकाला वाचवताना दुसरा गेला, अशा कितीतरी घटना आपण वर्तमानपत्रांत वाचतो. बुडणारा माणूस हाताला लागेल त्यावर चढू पाहतो आणि वाचवणाऱ्यालाच खाली दाबतो. बांबू पुढे करा, दोर फेका, बूच लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन दोराला बांधून फेका. माझ्या पाठपिशवीत असा कॅन आणि वीस मीटर दोर कायम असतो, जाताना त्यात पिण्याचे पाणी नेतो आणि काठावर पोहोचलो की रिकामा करतो.

माणूस वर काढल्यावर आपल्याकडे त्याला पालथे घालून पोट दाबण्याची किंवा पायाला धरून उलटे करण्याची पद्धत आहे. कृपया हे करू नका. त्याने पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते आणि मोलाचा वेळ जातो. उताणे निजवा, श्वास नसेल तर हनुवटी उचलून, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी तीस दाब आणि दोन श्वास असे मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्या, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देऊ शकते. दूरध्वनी १०८ किंवा ११२ वर करायचा, मात्र घळीत बहुधा मोबाइलला रेंज नसते. म्हणून जाताना रेंज शेवटी कोठे मिळाली ती जागा ध्यानात ठेवा आणि गटात एवढी माणसे असू द्या की दोघे धावत तेथवर जाऊ शकतील.

कुशावती काठ

चर्चा चांगली चालली आहे, पण एका मुद्द्यावर मी ओहोळवाट यांच्याशी असहमत आहे. त्यांनी बंदीचे आदेश पाळावेत असे लिहिले. जुलै २०२३ मध्ये मैनापीला दोन तरुण बुडाले आणि त्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. दुःख मलाही झाले. परंतु सरसकट बंदीने काय साधले? नेत्रावळीच्या बाजूला शनिवार-रविवारी चहा-भजी, जेवण, वाटाड्याचे काम यांवर ज्यांचे चार महिने निघत ते हात बांधून बसले, आणि ज्यांना जायचेच होते ते नाका टाळून, नाव नसलेल्या ओहोळांवर गेले, जेथे ना पहारेकरी ना माहितगार. किनाऱ्यावर आपण जीवरक्षक ठेवतो, धोक्याच्या जागी लाल बावटा लावतो, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्ये पोहू देतो. डोंगरात तेच का होऊ नये? ज्या जागा कमी धोक्याच्या आहेत त्या गावच्या तरुणांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या ताब्यात द्याव्यात, दिवसाला ठराविक माणसे सोडावीत, आणि पाणी चढले की त्याच तरुणांनी वाट बंद करावी.

ओहोळवाट

तुमचा मुद्दा मला मान्य आहे. गावच्या हाती व्यवस्था असावी, हे मी कितीतरी वर्षे म्हणत आलो आहे. फरक एवढाच की ती व्यवस्था उभी राहीपर्यंत बंदी मोडण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. जुलै २०२४ मध्ये पालीच्या व्हझरावर काय झाले ते आठवा. रविवार होता, सकाळी माणसे ओहोळ ओलांडून आत गेली, पाऊस वाढला, पाणी चढले आणि सुमारे ८० माणसे पलीकडे अडकली. दोर लावून त्यांना बाहेर काढले आणि सगळे वाचले. पण त्या दिवशी जे घडले ते माझ्या २०११ च्या दिवसासारखेच होते, फक्त सातजणांच्या जागी ऐंशी माणसे होती, आणि त्यांना कोणी खडकावरची रेघ दाखवली नव्हती.

समुद्र आणि घळ यांत एक भेद आहे. समुद्राची भरती-ओहोटी पंचांगात छापलेली असते. ओहोळाचे तसे नाही. हवामान खात्याचे रडार पणजीत आहे आणि त्याचे चित्र मोबाइलवर पाहता येते, ते निघण्यापूर्वी जरूर पाहावे. दिवसाला ११५ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसाचा अंदाज असेल तर घाटाच्या दिशेला जाऊच नये. पण रडारवर दिसणारा ढग आणि त्या एका घळीत येणारे पाणी यांची सांगड घालायला जागचा माणूसच लागतो.

रानमाटोळी

कुशावती काठ यांचे म्हणणे आमच्या ग्रामसभेतही निघाले होते. तरुण तयार आहेत. अडचण अशी की जबाबदारी कोणाची हे आधी ठरले पाहिजे. वाट आम्ही उघडली आणि कोणी बुडाले तर पोलीस कोणाला विचारणार? याचे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय गावातली वडीलधारी माणसे मुलांना पुढे जाऊ देणार नाहीत, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

घाटमाथा, बेळगाव

आम्ही मित्र दरवर्षी जुलैत कॅसल रॉकहून रुळांवरून चालत दूधसागरला येत असू. गेली काही वर्षे अडवतात. दुसरी पायवाट आहे का?

ओहोळवाट

नाही, आणि कृपया शोधू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या घाटात बोगदे आणि वळणे लागोपाठ आहेत, धबधब्याच्या आवाजात गाडीचा आवाज ऐकू येत नाही, आणि बोगद्यात गाडीला टाळून उभे राहण्यापुरती जागा सगळीकडे मिळत नाही. पावसाळा संपल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून, कुळ्याहून जीप सुरू होतात. त्या रानातून ओहोळ ओलांडत पायथ्याजवळ नेतात, तेथून थोडे चालायचे आणि लाइफ जॅकेट घालून ठरवून दिलेल्या भागात पाण्यात उतरायचे. जुलैतले ते रौद्र रूप दिसणार नाही, हे खरे आहे. ते मी वर लिहिल्याप्रमाणे गाडीच्या खिडकीतून पाहा.

पणजीची आई

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही जाऊन आलो, म्हणून येथे कळवते आहे. जागेचे नाव मीही लिहिणार नाही. नाक्यावर नोंद केली, गावातल्या एका दादांना सोबत घेतले. वाट दीड तासाची होती, सगळी सावलीतून, आणि शेवटची वीस मिनिटे ओहोळाच्या पात्रातून दगडांवर पाय ठेवत. मुलीने तीन वेळा विचारले की अजून किती, आणि पाणी दिसल्यावर एकदम गप्प झाली.

दादांनी आम्हाला लगेच उतरू दिले नाही. त्यांनी एक लांब बांबू तोडून आणला आणि कोंडीच्या कडेकडेने तळ चाचपत फिरले. काठापासून दोन हातांवर बांबू गुडघाभर बुडाला, तिसऱ्या हातावर तो पूर्ण आत गेला आणि त्यांचे मनगट ओले झाले. माझा मुलगा ते पाहत होता. मी त्याला इतके दिवस तोंडाने जे सांगत होते ते त्याला त्या एका क्षणात कळले. मग दादांनी दोन खडकांच्या मध्ये दोर बांधला आणि दोराच्या अलीकडेच राहायचे असे ठरवून दिले. मुलांनी एकदाही तो ओलांडला नाही.

गारठ्याचे तुम्ही लिहिले होते ते अगदी तसेच झाले. मुलीचे पाय खाली गेले आणि तिने माझा खांदा घट्ट धरला. थोड्या वेळाने मात्र बाहेर येईना. पाण्यात स्थिर उभे राहिले की बोटभर लांबीचे मासे येऊन पायांना तोंडे लावत होते, आणि ती श्वास रोखून, हलू नये म्हणून ओठ चावत, त्यांना मोजत होती. मला माझे आजोळ आठवले. माझे यजमान शहरात वाढलेले, त्यांना पोहता येत नाही. ते काठावर दोराचे टोक आणि रिकामा कॅन घेऊन दोन तास बसून होते, आणि डॉक्टरांना आभार सांगा असे त्यांनी मुद्दाम सांगितले आहे.

येताना आम्ही आमचा कचरा आणलाच, शिवाय वाटेतल्या दोन पिशव्या भरल्या. काच हाताने उचलू नका म्हणून दादांनी पानांचा द्रोण करून दिला. एक विचारायचे होते. जानेवारीत माझी बहीण मुलांसह येणार आहे. तेव्हा पाणी असेल का, की उशीर होईल?

रानमाटोळी

ताई, वाचून बरे वाटले. या वर्षी परतीचा पाऊस चांगला झाला आहे, त्यामुळे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाणी वाहते राहील असा अंदाज आहे. आमच्याकडे यायचे असेल तर निरोप पाठवा. त्या आठवड्यात गावची जत्रा असते, देवळाकडच्या रस्त्यावर गाड्या लावायला जागा मिळणार नाही. शाळेच्या मैदानावर गाडी ठेवून कुळागराच्या बाजूने या. ओहोळावरच्या साकवाची एक फळी सैल झाली आहे, मधली, ती तोवर बदलून घेतो.